फक्त मागचं पांढरं काढ

गावच्या उत्सवी नाटकाला नट मिळतात, मेकअपवाला मिळतो, स्त्री-भूमिकेसाठी आता मुलीही मिळतात. मिळत नाही तो मागितल्यावर नीट पीएनजी, म्हणजे मागचं पारदर्शक असलेल्या चित्राची फाइल धाडणारा माणूस.

गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यात देवळाचा कालोत्सव नाटकाशिवाय उरकला तर एक वेळ देव चालवून घेईल, ग्रामस्थ नाही. अलीकडे त्यात भर पडली आहे ती व्हिडिओची. तिसऱ्या घंटेआधी एलईडी पडद्यावर दूधसागर कोसळतो, देवळाची दीपमाळ येते, मग मंडळाचं बोधचिन्ह, समितीचे चेहरे आणि शेवटी देणगीदार. हे काम माझ्याकडे येतं, कारण माझ्याकडे लॅपटॉप आहे आणि अध्यक्ष आबा आमच्या शेजारी राहतात.

"फोटो आम्ही देतो रे. तू फक्त मागचं पांढरं काढ," आबा म्हणतात.

आता आबांना कोण सांगणार, की मोबाईलच्या साध्या जेपीजी फोटोत मागचं-पुढचं असं काही नसतंच. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. माणूस, भिंत, भिंतीवरची पाल, सगळे एकाच पंक्तीला. पारदर्शक व्हायचं तर चौथा आकडा हवा, अल्फा. शून्य म्हणजे ठिपका दिसणारच नाही, २५५ म्हणजे पूर्ण भरीव, मधले सगळे अर्धेमुर्धे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ही युक्ती काढली. पुढे पिक्सार ही अ‍ॅनिमेशन कंपनी उभी करण्यातही हे दोघे होते. १९९२ सालच्या जेपीजीत त्या चौथ्या आकड्याला जागा नाही, १९९६ सालच्या पीएनजीत आहे. हे सगळं मी एकदा बैठकीत सांगितलं. चिटणीस मास्तरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. आता समईच्या तेलाचा विषय."

बोधचिन्ह मागितलं तेव्हा आधी आला लेटरहेडचा मोबाईलवर काढलेला तिरका फोटो, कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्यासह. मग छापखान्यात फोन केला. छापखान्याकडे कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल असते आणि ती लाखमोलाची, कारण चिन्ह त्यात रेषांनी काढलेलं असतं, कितीही मोठं करा, फाटत नाही. पण छापखानेवाले प्रेमळ असतात. ते आपल्याला त्रास नको म्हणून तिचं जेपीजी करून देतात आणि वर ऐकवतात, "तीनशे डीपीआयमध्ये दिलंय हां!" कागदाला डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके ते, लागतो. पडद्याला ठाऊक आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, बस्स. चिन्हच दोनशे ठिपक्यांचं असेल तर डीपीआय तीनशे लिहा की तीन हजार, ताणल्यावर कळस कुठला आणि नारळ कुठला ते पुजाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

मास्तरांनी स्वतःहून इंटरनेटवरून एक 'पारदर्शक समई' उतरवून ठेवली होती. मागे पांढऱ्या-करड्या चौकटी. खऱ्या पारदर्शक चित्रात या चौकटी फक्त सॉफ्टवेअर दाखवतं, इथे काही नाही एवढं कळावं म्हणून. इथे कुणीतरी त्या चौकटीच चित्रात रंगवून ठेवल्या होत्या. व्हिडिओत समई कुणाच्या तरी न्हाणीघराच्या फरशीवर ठेवल्यासारखी तेवत राहिली.

खजिनदार दाजींचा पुतण्या मात्र हुशार. त्याने एक खरंखुरं पीएनजी बनवलं आणि मोबाईलवरून फोटो म्हणून मला धाडलं. वाटेत त्याचं जेपीजी झालं, चौथा आकडा गळून पडला.

"डॉक्युमेंट म्हणून धाड," मी म्हटलं.

"डॉक्युमेंट कसं? आबांचा फोटो आहे तो!"

शेवटी डॉक्युमेंट आलं. आबा पांढऱ्या भिंतीपुढे, पांढऱ्या शर्टात, पांढऱ्या केसांनी, गळ्यात म्हार्दोळच्या जायांची माळ. पुतण्याने एडिटिंगमधली एक सोपी वाट धरली होती: रंग निवडायचा आणि तोच पारदर्शक करायचा. त्याने पांढरा निवडला. भिंत गेली. शर्ट गेला, केस गेले, दात गेले, जायांची माळ गेली. चेहऱ्यातही जितका उजळपणा होता तितका विरला. मी तो फोटो टाइमलाइनवर ठेवला तर दूधसागर आबांच्या पोटातून कोसळू लागला. मिशी तेवढी शाबूत राहिली, तीही कलपाच्या कृपेने. आबांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पाणी चांगलं दिसतंय."

मग हातानेच कापणं आलं. शर्टाची कड सरळ असते, ती सोसते. पण मास्तरांनी फोटो काढून घेतला होता चवथीला, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली. डोक्यावर सुपारीचे घोस, नारळ, चिबूड, आंब्याचे टाळे आणि त्यात अडकलेले मास्तरांचे कुरळे केस. अशा ठिकाणी कडेचा एकेक ठिपका अर्धा केस आणि अर्धी माटोळी असतो. पूर्ण ठेवला तर मास्तरांना हिरवी झालर येते, पूर्ण काढला तर टक्कल पडतं. त्याला अर्धवटच ठेवावा लागतो, आणि त्यातला हिरवा वेगळा उतरवावा लागतो.

एवढं करूनही गडद पार्श्वभूमीवर पांढरी किंवा उजळ पार्श्वभूमीवर काळी किनार उमटते. त्यामागे शुद्ध गणित आहे. कडेच्या रंगांना अल्फाने आधीच गुणलेलं आहे की नाही, हे सॉफ्टवेअरला कळावं लागतं. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली या चित्रावर-चित्र ठेवण्याचा सगळा हिशेब मांडला. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'स्ट्रेट' (न गुणलेलं) की 'प्रीमल्टिप्लाइड' (आधीच गुणलेलं) असा पर्याय असतो. किनार दिसली की आधी तो बदलून पाहावा, खोडरबर मागाहून.

खरा कस लागला तो देणगीदारांत. आमच्या नाक्यावरच्या बारच्या पात्रांवांनी, म्हणजे मालकांनी, घसघशीत देणगी दिली आणि चिन्ह म्हणून धाडला काजू फेणीने भरलेला काचेचा पेला. फेणी बिनरंगी, पेला काचेचा, आणि दोघांतून आरपार दिसतो बारचा गल्ला, कॅलेंडरसकट. आता यातलं मागचं काय आणि पुढचं काय? काचेची चकाकी ठेवायची, गल्ला काढायचा, आणि फेणीचा अल्फा किती धरायचा? मी ११० वर आलो होतो तेवढ्यात समितीची हरकत आली. देवळाच्या पडद्यावर पेला दिसता कामा नये. मास्तरांना माझं ते व्याख्यान आठवत होतं, म्हणाले, "पेला शून्यावर ठेव, नाव २५५ वर."

तालमीच्या रात्री पात्रांव आले. पडद्याजवळ जाऊन पाहिलं, मागे सरून पाहिलं.

"पेला कुठं गेला रे?"

"आहे, पात्रांव. पारदर्शक आहे."

"आणि फेणी?"

"ती तर आधीपासूनच."

पात्रांवांना पटलं.

उत्सव संपल्यावर दाजी हिशेबाला बसले. मला थोडं मानधन द्यायचं ठरलं होतं. "फोटो आमचे, चिन्ह आमचं, दूधसागर देवाचा. मग तू घातलंस काय?" त्यांनी विचारलं.

"घातलं काही नाही, दाजी. काढलं."

दाजींनी चष्मा सारखा केला, व्हाउचरची पानं मागे-पुढे केली आणि योग्य ते खातं सापडल्यावर समाधानाने लिहिलं: 'साफसफाई'. त्याच पानावर माझ्या वर सभामंडप झाडणाऱ्या बायची सही होती. तिला पन्नास रुपये जास्त होते.