पिप-टू तराफ्यावर बसत नाही

"पेशीपटल म्हणजे मेदाचा समुद्र. त्यात प्रथिनं पोहतात आणि सगळं काम करतात. निरोप देणारी लिपिडं 'राफ्ट' नावाच्या तराफ्यांवर बसलेली असतात. वय झालं की तराफे विस्कटतात, म्हणून लेसिथिनच्या कॅप्सूल घ्या." अशा मजकुराचं रंगीत चित्र सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतंय. त्याला बारावीच्या जीवशास्त्राचा मुलामा आहे, त्यामुळे चटकन पटतं.

'सगळं काम प्रथिनंच करतात' हा त्यातला पहिला दावा. १९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांवर ॲसिटिलकोलिन घातलं, तेव्हा किरणोत्सारी फॉस्फरस पटलातल्या फॉस्फोलिपिडांमध्ये, म्हणजे फॉस्फरस असलेल्या मेदरेणूंमध्ये, भराभर शिरताना दिसला. नुसत्या भरावाच्या मालात एवढी उलाढाल कशी? उलगडा व्हायला १९८३ उजाडलं, तोही स्वादुपिंडाच्याच पेशींमध्ये. पटलाच्या आतल्या बाजूला फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल बिसफॉस्फेट नावाचं लिपिड असतं, प्रयोगशाळेत त्याला पिप-टू म्हणतात. विकराने ते तोडलं की डोक्याकडचा तुकडा, आयपी-थ्री, पेशीद्रवात सुटतो आणि आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या जाळीदार कोठारात, साठवलेलं कॅल्शियम मोकळं करतो. शेपटीकडचा तुकडा पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सी या विकराला कामाला लावतो. इथे निरोप म्हणजे लिपिडच.

'समुद्र' हा शब्द सिंगर आणि निकोलसन यांच्या १९७२ च्या प्रतिमानाची आठवण करून देतो, आणि अर्धा खरा आहे. पटल लिपिडांच्या दोन थरांचं असतं, आणि लिपिड आपल्या थरात झपाट्याने सरकतं. पण एका थरातून दुसऱ्या थरात आपोआप उलटणं फार क्वचित घडतं. फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड तर पेशी ऊर्जा खर्चून आतल्या थरात कोंडून ठेवते. बोट कापलं की रक्तपट्टिका ते मुद्दाम बाहेर काढतात, कारण रक्त गोठवणाऱ्या घटकांना पाय रोवायला तोच पृष्ठभाग लागतो. हे उलटवणारं प्रथिन बिघडलेलं असलं तर स्कॉट सिंड्रोम हा आजार होतो आणि रक्तस्राव लवकर थांबत नाही. समुद्राला असं आत-बाहेर नसतं.

आता तराफे. ही कल्पना सिमन्स आणि इकोनेन यांनी १९९७ मध्ये ठळकपणे मांडली: कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडं दाटीवाटीने एकत्र येतात. ती थाप नाही. मात्र सुरुवातीचा बराचसा पुरावा पेशी ४ अंश सेल्सियसला ट्रायटन या डिटर्जंटमध्ये विरघळवून, जे उरेल त्याला राफ्ट म्हणण्यातून आला, आणि एवढ्या गारठ्यात डिटर्जंट स्वतःच गठ्ठे घडवू शकतं. जिवंत पेशीत असे पुंजके असलेच तर इवलेसे आणि क्षणजीवी. शिवाय प्राण्यांच्या ऊतींतल्या पिप-टूची एक शेपटी बहुधा ॲराकिडोनिक आम्लाची असते. तिच्यात चार दुहेरी बंध, म्हणजे ती चांगलीच वाकडी. अशा दाटीत ती नीट बसतच नाही.

मग पिप-टू गोळा कसं होतं? पेशीपटलातल्या लिपिडांत त्याचा वाटा साधारण १ टक्का, पण डोक्यावर ऋणभार भरपूर. मार्क्स नावाच्या प्रथिनावर (कार्ल नव्हे) धनभारित अमिनो आम्लांचा १३ जणांचा पट्टा आहे. तो पिप-टूचे रेणू धरून ठेवतो. कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम पकडणारं प्रथिन येऊन तो पट्टा उचलतं आणि पिप-टू मोकळं होतं.

पिप-टूवर आणखी एक फॉस्फेट चढलं की पिप-थ्री होतं. त्याची तऱ्हा आणखी निराळी. डिक्टिओस्टेलियम हा मातीतला अमीबासारखा जीव रासायनिक खुणेच्या रोखाने सरपटतो तेव्हा पिप-थ्री पुढच्या टोकाला दिसतं. तिथे कुणी ते बांधून ठेवलेलं नसतं. पुढे पीआय-थ्री-कायनेज हे विकर ते बनवतं, मागे आणि बाजूंना पीटेन हे दुसरं विकर ते मोडतं. नळ इकडे, मोरी तिकडे. पाणी वाहतंच, तरी ओल नळाजवळच दिसते. चित्र काढणाऱ्याने ही ओल पाहिली आणि तिथे तराफा रंगवला.

राहिल्या कॅप्सूल. लेसिथिन हेही एक फॉस्फोलिपिडच. गिळलेलं लेसिथिन आतड्यात स्वादुरसातलं विकर तोडतं, तुकडे शोषले जातात आणि शरीर ते हवे तसे पुन्हा जोडतं. कुठल्या पटलावर कुठलं फॉस्फेट चढवायचं ते पेशीतली विकरं ठरवतात. लो (Lowe) सिंड्रोम या आनुवंशिक आजारात, जो बहुतेक मुलग्यांनाच होतो, पिप-टूवरचं एक फॉस्फेट काढणारं ओसीआरएल हे विकर बिघडलेलं असतं. जन्मतः मोतीबिंदू, मूत्रपिंडं आणि मेंदूवर परिणाम. त्या मुलांच्या पेशींत पिप-टू कमी पडत नाही, उलट साचतं.