स्टेम सेल देणाऱ्याची कातडी सोलते?

"स्टेम सेल देणाऱ्याला आधी केमोची सुई टोचतात. अंगभर चट्टे उठतात, कातडी सोलते, डाग जन्मभर राहतात आणि पुढे त्यालाच ब्लड कॅन्सर होतो." हा मेसेज आमच्या नातलगांच्या ग्रुपवर फिरतोय. धाकट्या भावासाठी मी स्वतः स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, दिल्यात, त्यामुळे गप्प बसवत नाही.

केमो पेशंटला देतात, देणाऱ्याला नाही. मला दिलं ते फिलग्रास्टिम. पांढऱ्या पेशी वाढवणारं जे प्रथिन आपलं शरीर बनवतं, त्याचंच हे औषधी रूप. त्याने स्टेम सेल हाडांतल्या मगजातून रक्तात उतरतात. डोस किलोमागे १० मायक्रोग्रॅम. माझं वजन ६०, म्हणून रोज ३०० च्या दोन सुया, पोटाच्या कातडीखाली.

आता चट्टे. तिसऱ्या दिवशी बेंबीच्या डावीकडे रुपयाएवढा लाल, गरम डाग उठला. खाज सुटली. नर्सताईंनी पेनाने त्याची कड आखून ठेवली आणि पुढची सुई उजवीकडे दिली. दोन दिवसांत डाग आखलेल्या रेषेच्या आत विरला. कुणाला अंगावर पित्त उठतं, पुरळ येतं. ते बहुधा गोळीने बसतं. मात्र तोंड सुजलं किंवा दम लागला तर तडक दवाखाना गाठायचा.

कातडी सोलण्याची गोष्ट बहुतेक स्वीट सिंड्रोमवरून फुगवलेली असावी. डॉ. रॉबर्ट स्वीट यांनी १९६४ साली वर्णन केलेला हा आजार: ताप आणि दुखरे लालभडक उंचवटे. या औषधाने तो होऊ शकतो, पण निरोगी दात्यात फारच क्वचित, आणि स्टेरॉइडने तो सहसा व्रण न ठेवता बरा होतो. सोरायसिस, म्हणजे कातडीवर खवले धरणारा आजार, मात्र या औषधाने उसळू शकतो, म्हणून तो असेल तर तपासणीतच सांगायचं, लपवायचं नाही.

ब्लड कॅन्सरची भीती मला समजते. पाचव्या दिवशी माझ्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी ४८ हजार होत्या. एरवी ११ हजारांच्या आत असतात. आकडा बघून आई रडलीच. सुया थांबल्यावर आठवड्याभरात तो जागेवर आला. हजारो दात्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलंय. त्यांच्यात ब्लड कॅन्सर इतरांपेक्षा जास्त आढळलेला नाही.

खरा त्रास मेसेजमध्ये नाहीच: हाडं दुखतात. दोन रात्री कंबर अशी ठणकली की कूस बदलवेना. पॅरासिटामॉल घेऊन निभावलं.