ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता: त्या मेसेजमधलं काय खोटं, काय अर्धवट

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळे-महापेपर्यंत कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ईएसआयसीबद्दल, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता फक्त कागदावर आहे. कंपनीच्या सही-शिक्क्याशिवाय अर्ज घेत नाहीत, एजंटशिवाय फाईल हलत नाही, पीएफ काढला की हक्क गेला, आणि अर्धा पगार तर कुणालाच मिळत नाही.’ हे वाचून लोक अर्जाच्या नादालाच लागत नाहीत. हातचे हक्काचे पैसे जातात, म्हणून हे लिहायलाच हवं.

आधी सही-शिक्का. हा भत्ता ज्या योजनेतून मिळतो ती अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली, तेव्हा अर्ज मालकामार्फत जायचा. २०२० मध्ये ही अट काढली. आता कामगार स्वतः ऑनलाइन किंवा थेट ईएसआयसीच्या शाखेत अर्ज करतो. नोकरी सुटल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो. आधी ९० दिवस थांबावं लागायचं.

एजंटचं म्हणाल तर, स्टॅम्पपेपरवरच्या प्रतिज्ञापत्राची अटही नोव्हेंबर २०२० मध्ये गेली. आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडायची, पैसे थेट खात्यात येतात. तरीही कुणी ‘प्रतिज्ञापत्राचे’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

पीएफचा याच्याशी काही संबंध नाही. पीएफ ही तुमची बचत, ईएसआय हा विमा.

आता ‘अर्धा पगार’. इथे मेसेज अर्धवट खरा आहे, आणि खरी फसगत इथेच होते. दर ५० टक्के आहे, पण तो शेवटच्या पगारावर नाही. मागच्या चार वर्गणी काळांतली (एक काळ सहा महिन्यांचा), म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई ७३० ने भागून रोजची सरासरी काढतात आणि तिच्या निम्मे देतात. महिना १८,००० प्रमाणे दोन्ही वर्षं पूर्ण भरली असतील तर सरासरी सुमारे ५९२ रुपये, भत्ता रोजचा २९६, आणि ९० दिवसांचे साधारण २६,६०० रुपये. मधले सहा महिने काम नसेल तर तोच आकडा २० हजारांच्या आसपास येतो. हातात कमी पडले की माणूस म्हणतो, ‘मिळतच नाही.’ आणि हे ९० दिवस आयुष्यभराचे मिळून आहेत, दर नोकरीमागे नाहीत.

अर्ज अडतो तो बहुतेकदा वर्गणीच्या दिवसांवर. विमा असलेल्या नोकरीत किमान दोन वर्षं हवीत. नोकरी सुटण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवस आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात किमान ७८ दिवस भरलेले हवेत. रबाळ्यात ठेकेदाराकडे पॅकिंग करणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या पगार स्लिपवर दर महिन्याला कपात दिसत होती, पोर्टलवर मात्र मधल्या दोन महिन्यांपुढे दिवसांच्या रकान्यात शून्य. संताप यावा अशीच गोष्ट आहे ही. म्हणून नोकरी चालू असतानाच आपला विमा क्रमांक टाकून पोर्टलवर महिनावार दिवस तपासा, आणि स्लिपा जपून ठेवा. त्या हातात असतील तर शाखेत लेखी तक्रार करता येते.

काहींना भत्ता खरंच मिळत नाही, तेही सांगायला हवं. गैरवर्तनासाठी काढलेले, निवृत्त झालेले, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले यात बसत नाहीत. पगार २१,००० च्या वर असल्यामुळे जे ईएसआयमध्ये आलेच नाहीत, किंवा नाक्यावर रोजंदारीला उभे राहतात, त्यांना ही योजना नाही. शिवाय ती मुदतवाढ घेत घेत चालत आली आहे, तेव्हा सध्या चालू आहे ना, हे अर्जाआधी शाखेत विचारून घ्या.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखही नाही. कारखानाच बंद पडला किंवा कामगार कपातीत नोकरी गेली, तर १ एप्रिल २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. तिच्यात २४ महिन्यांपर्यंत भत्ता आहे: पहिले १२ महिने ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. या काळात कुटुंबाचे उपचारही चालू राहतात. कंपनीला टाळं लागलं असेल तर शाखेत आधी या योजनेचं विचारा, ९० दिवसांच्या भत्त्याचं नंतर.