पोलर लो कोल्हापुरात येणार नाही, आणि तो कुणी लपवलेलाही नाही

चार दिवस आमच्या तालमीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘ध्रुवावरचा पोलर लो सुटलाय, आठवड्यात कोल्हापूर गोठणार. उपग्रहाला सगळं दिसतं, शास्त्रज्ञांना पंधरा दिवस आधीच माहीत होतं, पण लपवलं.’ आईनं तो वाचून रग बाहेर काढले, म्हणून लिहितोय.

आधी नाव. मेसेजमधलं वर्णन पोलर व्होर्टेक्सचं आहे. तो ध्रुवाभोवती उंचावर हिवाळाभर फिरणारा हजारो किलोमीटरचा भोवरा. पोलर लो म्हणजे समुद्रावरचं छोटं, जोरकस वादळ, साधारण 200 ते 1000 किलोमीटरचं.

‘सुटलाय’ म्हणे. बर्फावरची अतिथंड हवा उघड्या, त्यामानानं उबदार समुद्रावर आली की हे वादळ उठतं. समुद्राचीच ऊब त्याला पोसते, त्यामुळे जमिनीवर चढलं की ते विरतं. आयुष्य बहुधा दोन दिवसांच्या आतलं. ते आशिया ओलांडून पंचगंगेवर कसं येईल? आपला गारठा उत्तरेकडच्या कोरड्या वाऱ्यांचा आणि निरभ्र रात्रींचा.

‘लपवलं’ हा आरोप मला सगळ्यात जास्त लागला. आपल्याकडचा वळीव आठवा. दुपारी उकाडा वाढला, ढग चढले की आज वळीव येणार हे कुणीही सांगेल. पण तो कागलला पडेल की कसबा बावड्यात, हे सकाळी कोण सांगणार? पोलर लोचंही तसंच. समुद्राचा पृष्ठभाग आणि 5 किलोमीटरवरची हवा यांच्या तापमानात अशा वादळाला पोषक, 40 अंशांहून जास्त फरक पडणार, हे काही दिवस आधी कळतं. नेमकं वादळ कुठे उठेल, ते मात्र बऱ्याचदा एखादा दिवस आधीच. पंधरा दिवस आधी कुणालाच माहीत नसतं. उद्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडे निघाल्याचा इशारा येईल, तेव्हा ‘हे लपवतात’ असं मनात बसलेला माणूस घर सोडेल का? 2019 चा पूर आपण पाहिलाय.

राहिला उपग्रह. त्याला ढगांचा वेटोळा दिसतो, पण तो तयार झाल्यावर. आतलं वारं आणि तापमान सगळ्या उंचींवर नेमकं मोजायला तिथे जावं लागतं, आणि त्या समुद्रावर मोजणारी ठाणी मोजकीच. म्हणून 27 फेब्रुवारी 1984 ला संशोधक विमान घेऊन नॉर्वेजियन समुद्रावरच्या अशा वादळात शिरले. 2008 साली पुन्हा विमान गेलं. आता नॉर्वेचं हवामान खातं आर्क्टिकसाठी अडीच किलोमीटरच्या जाळीचं मॉडेल चालवतं. तिथल्या मच्छीमाराला एक दिवस आधी इशारा मिळाला, तरी बोट बंदरात ठेवता येते.