पोलाद फुगतं, पण आत्याच्या मांडीतलं नाही

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. सारांश असा: रेडिएशन पिऊन पोलाद फुग्यासारखं फुगतं, आत गॅस भरतो, एक दिवस ते फाटतं, जगातल्या सगळ्या अणुभट्ट्या अशाच फुगत चालल्या आहेत आणि शास्त्रज्ञ ते लपवताहेत, शरीरात स्टीलचा रॉड असेल तर रेडिएशनचे उपचार घेऊ नका, रॉड फुगून हाड फोडेल. खाली दोन नळ्यांचा फोटो, एक आखूड, एक लांब.

माझ्या आत्याच्या मांडीत रॉड आहे, आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी तिचं रेडिएशन सुरू व्हायचंय. तिचा फोन आला, "मग जाऊ का नको रे?" नाहीतर असल्या मेसेजच्या नादी मी लागलो नसतो.

तर आधी रॉड. पोलाद फुगतं ते वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने. न्यूट्रॉन अणूला धडक देऊन जागेवरून उडवतो. मागे रिकामी जागा राहते, उडालेला अणू स्फटिकाच्या जाळीत भलतीकडेच जाऊन अडकतो. बहुतेक जोड्या लगेच पुन्हा जुळतात. पण सुटे अणू जाळीतल्या दोषरेषांकडे (जिथे अणूंची रांग मोडलेली असते) जरा जास्त ओढले जातात, म्हणून रिकाम्या जागा शिल्लक पडतात आणि एकत्र येऊन सूक्ष्म पोकळ्या बनवतात. त्यासाठी त्या रिकाम्या जागा सरकायला हव्यात, आणि स्टेनलेस स्टीलमध्ये हे साधारण ३५० ते ६०० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात घडतं. आत्याचं शरीर ३७ अंशांवर असतं. शिवाय फास्ट रिअॅक्टरच्या, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या अणुभट्टीच्या, गाभ्यात पोलादातला प्रत्येक अणू सरासरी काही डझन वेळा जागेवरून उडतो. उपचारातल्या क्ष-किरणांच्या माऱ्यात अब्ज अणूंमागे एकही उडत नाही. आणि किरण छातीवर, रॉड मांडीत! हा मेसेज लिहिणाऱ्याने माणसाचं चित्र तरी बघितलं होतं का?

धातूचा प्रश्न येतो तो वेगळ्या कारणाने. किरणांच्या वाटेत धातू असेल तर स्कॅनची प्रतिमा खराब होते आणि धातूच्या आजूबाजूचा डोस बदलतो. उपचार आखणारे ते हिशेबात धरतात. म्हणून रॉड आहे हे त्यांना सांगायचं आणि उपचाराला जायचं.

लपवाछपवी म्हणाल तर १९६७ साली कॉथॉर्न आणि फुल्टन या संशोधकांनी हा शोध थेट 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापला. स्कॉटलंडमधल्या डाउनरेच्या फास्ट रिअॅक्टरमधून काढलेलं इंधननळीचं स्टील त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यात पोकळ्या दिसल्या, ढोबळमानाने मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या किंवा त्याहून लहान. जगभरच्या ग्रंथालयांत पडलेलं गुपित!

फोटो मात्र खरा आहे. अमेरिकेत आयडाहोमधल्या ईबीआर-२ या रिअॅक्टरमध्ये ५१० अंशांना ठेवलेली ३१६ स्टीलची (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) नळी म्हणजे त्यातली लांब नळी. प्रत्येक अणू सरासरी ७५ वेळा उडाल्यावर ती सुमारे १० टक्के लांब झाली, म्हणजे आकारमानाने जवळपास एक तृतीयांश वाढली. पण ती नळी उघडी होती, आत इंधनही नव्हतं. उघड्या नळीत गॅस कोंडून ती फुगेल कशी? लांबी, व्यास, जाडी सगळं सारख्याच प्रमाणात वाढलंय. फुग्याची भिंत ताणली की पातळ होते. वजन तेच राहतं, घनता घटते. न्यूट्रॉनांमुळे स्टीलमध्ये थोडा हेलियम तयार होतो आणि तो पोकळ्या सुरू व्हायला मदत करतो, एवढं गॅसबद्दल मान्य. फाटण्याबद्दलही थोडं मान्य करावं लागेल: असं स्टील १० टक्क्यांच्या पुढे फुगलं की फार ठिसूळ होतं.

"सगळ्या अणुभट्ट्या"? पाण्यावर चालणाऱ्या रिअॅक्टरचं मोठं पात्र ३०० अंशांच्या आसपास असतं आणि त्यातल्या दहा अणूंमागे एकही सबंध आयुष्यात उडत नाही. तिथली काळजी फुगण्याची नाही, ठिसूळपणाची असते. गाभ्यालगतच्या बोल्ट-पट्ट्यांना मात्र बराच मार बसतो, आणि जुन्या रिअॅक्टरचं आयुष्य वाढवताना त्यांच्या फुगण्याचा विचार करतात.

खरी डोकेदुखी फास्ट रिअॅक्टरमध्ये. इंधनाभोवतीच्या पोलादी आवरणाची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त फुगते, ते वाकतं आणि बाहेर काढताना अडकतं. म्हणून स्टील थंड अवस्थेत ताणून किंवा दाबून वापरतात, त्यात टायटॅनियम घालतात, म्हणजे फुगणं सुरू व्हायला उशीर लागतो. फेरिटिक-मार्टेन्सिटिक, म्हणजे वेगळ्या स्फटिकरचनेची, पोलादं तर फारच कमी फुगतात. पण ५५०-६०० अंशांच्या वर त्यांची ताकद ढासळते, म्हणून सरसकट तीच वापरा असंही म्हणता येत नाही.