कोळंबी पाठवायचीय? आधी कासवाचं ना-हरकत आणा

कोळंबीच्या निर्यातीत उतरताय? उत्तम. समुद्र वाचवायचा भार वाहायला कुणाची तरी मान लागतेच. चार गोष्टी सांगतो, फुकट.

कोळंबी तळ्यात वाढवली म्हणजे कासवाशी आपला संबंध संपला, अशा भ्रमात राहू नका. अमेरिकेला माल जायचा तर प्रत्येक खेपेला डीएस-२०३१ नावाचा घोषणापत्राचा फॉर्म भरायचा: ही कोळंबी काढणीआधी किमान ३० दिवस तळ्यात होती हो! समुद्री कासव तळ्यात येत नाही हे तुम्हाला कळतं, कासवालाही कळतं. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेण्याच्या, जाळ्यात कासवं गुदमरून मरतात, त्यासाठी अमेरिकेत १९८९ चा कायदा आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच कायद्याने कॅरिबियन देशांना तयारीला तीन वर्षं दिली आणि आशियातल्यांना चार महिने. १९९८ मध्ये डब्ल्यूटीओलाही, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेलाही, हा भेदभाव खटकला होता.

बेकायदा मासेमारी न रोखणाऱ्या देशाला मिळतो त्या इशाऱ्याला, म्हणजे पिवळ्या कार्डाला, घाबरू नका. युरोपीय संघाने थायलंडला २०१५ मध्ये दिलं, २०१९ मध्ये काढून घेतलं. दिवाणी दाव्याच्या मानाने लवकरच.

शास्त्रीय नाव जपून लिहा. गेल्या महिन्यात माझा कंटेनर अकरा दिवस बंदरात उभा होता. का? एका कागदावर ‘पेनियस व्हॅनामी’, दुसऱ्यावर ‘लिटोपेनियस व्हॅनामी’. शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये नाव बदललं, पुढे बऱ्याच जणांनी जुनंच बरं म्हटलं. आज दोन्ही चालतात. साहेब म्हणाले, “दोन वेगळ्या जाती दिसतायत.” खुलासा पाठवला. “लेटरहेडवर द्या.” दिला. “शिक्का गोल हवा.” मग तपासणीला खोकी उघडली, दार तासभर उघडंच, आणि नवा शेरा आला: तापमानात तफावत! बंदरात माल अडकल्याचा दंड, म्हणजे डेमरेज, माझ्या माथी, विजेचं बिलही माझ्याच. अकरा दिवस रीफरला, म्हणजे त्या थंड कंटेनरला, जी वीज लागली, ती कुठल्या शाश्वततेत धरायची, हे विचारायला त्या फॉर्मवर रकाना नाही.

शाश्वततेच्या प्रमाणपत्राचा लोगो जरूर घ्या. ऑडिटची फी तळेवाल्याची, दुकानात पाकिटावर मिरवायला दुसराच.

आणि खाद्याचं? पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लोकांच्या ताटातली ‘सार्डिनेला’ ही छोटी मासळी दळून फिशमील, म्हणजे माशांची भुकटी, होतं आणि दूरदेशच्या मत्स्यशेतीला जातं. तिथे कोण गोल शिक्का मागतं?

आता पुरे झाली थट्टा. मासेमारीच्या सरकारी अनुदानावर डब्ल्यूटीओत २००१ पासून चर्चा चालली. करार व्हायला २०२२ उजाडलं, लागू व्हायला २०२५. त्यातही मासेमारी ताफ्यांची जादा क्षमता पोसणाऱ्या अनुदानाचा मुद्दा पुढच्या वाटाघाटींवर ढकललेला! खोल समुद्र खरवडणाऱ्यांना सरकारी पैशाने स्वस्त डिझेल, आणि दोन तळी राखणाऱ्याच्या कागदावरची स्पेलिंग भिंगाखाली? नियम करा, कडक करा, पण जो समुद्र उपसतोय त्याच्यावर आधी करा. पुढच्या खेपेला मला कासवाबद्दल विचाराल, तेव्हा त्या ट्रॉलरच्या डिझेलचे पैसे कोण भरतं तेही त्याच फॉर्मवर लिहून पाठवा. गोल शिक्क्यासकट.