‘काळोखातले एल्फ’ म्हणजे नेमके कोण?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’कार टॉल्किनच्या एल्फांची (त्याच्या कथांतल्या अमर लोकांची) वंशावळ सांगताना बहुतेक जण ‘प्रकाशातले’ आणि ‘काळोखातले’ अशी वाटणी करून मोकळे होतात: पश्चिमेकडच्या देवभूमीतल्या दोन दिव्य वृक्षांचा प्रकाश ज्यांनी पाहिला ते पहिले, बाकीचे दुसरे. मला ती दर वेळी खटकते, कारण ही नावे पुढे गेलेल्यांनी मागे राहिलेल्यांना दिलेली आहेत.

सूर्य-चंद्र घडण्याच्या आधी, कुइव्हिएनेन नावाच्या जलाशयाच्या काठी हे लोक ताऱ्यांच्या उजेडात जागे झाले. एल्फांच्याच एका जुन्या कथेप्रमाणे ते मोजून 144 होते आणि त्यांचे 14, 56 व 74 असे तीन गट होते. पश्चिमेला देवभूमीकडे चला, असे बोलावणे आले तेव्हा पहिला गट सगळाच्या सगळा निघाला, दुसऱ्यातले निम्मे थांबले आणि तिसऱ्यातलेही बरेच थांबले. निघालेल्यांचे वान्यार, नोल्डोर आणि तेलेरी झाले. थांबलेल्यांना ‘अव्हारी’, म्हणजे नकार देणारे, हे नाव चिकटले.

तेलेरींचा तांडा सर्वांत मोठा आणि सर्वांत रेंगाळणारा (माझा जीव त्यांच्यावरच आहे). अँडुइन नदीपाशी समोरचे डोंगर पाहून लेन्वेच्या मागोमाग काही जण दक्षिणेला वळले. पुढे तेलेरींचा राजा एल्वे रानात मेलियन या दिव्य स्त्रीच्या मोहात हरवला आणि त्याची वाट पाहत थांबलेले त्याचे लोक सिंदार झाले. हाच एल्वे पुढचा थिंगोल. नोल्डोरांचा राजपुत्र फेआनोर याचा मुलगा कारान्थिर त्याला भर सभेत ‘गुहेतला काळोखी एल्फ’ म्हणून हिणवतो, पण थिंगोलने दूत म्हणून जाऊन दोन्ही वृक्षांचा प्रकाश प्रत्यक्ष पाहिलेला होता. म्हणजे ती शिवी वस्तुस्थितीलाही धरून नव्हती, निव्वळ माज होता.

रक्ताच्या शुद्धतेचे म्हणाल, तर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या गॅलाड्रिएलकडे पाहावे. वडिलांकडून नोल्डोर, आजीकडून वान्यार (सोनेरी केस तिकडचे) आणि आई एल्वेनंतर तेलेरींचा राजा झालेल्या त्याच्या भावाची, ओल्वेची, मुलगी; म्हणजे थिंगोल तिच्या आईचा सख्खा काका. तिला एका खान्यात बसवणार तरी कसे?

स्थलांतराचा खरा माग मला रक्तापेक्षा भाषेत दिसतो. हंसाला क्वेन्यात (नोल्डोरांच्या भाषेत) ‘आल्क्वा’, तेलेरींच्या बोलीत ‘आल्पा’ आणि सिंदारांच्या सिंदारिनमध्ये ‘आल्फ’ म्हणतात. कोण कुठे वेगळे झाले, हे त्या एका ‘क्व’च्या ‘प’ होण्यात दिसते. देवभूमीहून परत येताना नोल्डोरांनी तिथवर पोहोचलेल्या तेलेरींची, म्हणजे थिंगोलच्याच भाऊबंदांची, कत्तल करून जहाजे पळवली, हे कळल्यावर थिंगोलने आपल्या राज्यात क्वेन्यावर बंदी घातली आणि प्रकाश पाहून परतलेल्या त्या मानी नोल्डोरांना रोजच्या व्यवहारात मागे राहिलेल्यांचीच भाषा स्वीकारावी लागली.

आणि अव्हारी? सगळ्या एल्फांचे मूळ नाव ‘क्वेंडी’, म्हणजे वाणीने बोलणारे. अव्हारींच्या ज्या सहा बोलींमधली नावे आपल्यापर्यंत पोहोचतात, त्या सहाही बोलींत ते स्वतःला त्याच शब्दाच्या रूपांनी ओळखतात: कुठे किंडी, कुठे पेन्नी. ‘नकार देणारे’ हे नाव त्यांनी स्वतःला कधीच लावले नाही.